भाऊ ०/६, नवरा २/६, तरी डॉक्टर म्हणतात भावाचीच किडनी घ्या. असं कसं?

गोंधळलेला_भाऊ

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या, डोकं चालेनासं झालंय. माझ्या ताईचं (वय ३८) किडनी ट्रान्सप्लांट करायचंय, सध्या डायलिसिसवर आहे. द्यायला घरातले तिघं तयार होतो, भावोजी, आई आणि मी. तिघांचं टिश्यू टायपिंग झालं (पेशींवरच्या सहा खुणांपैकी किती जुळतात ती तपासणी). आई ३/६, भावोजी २/६ आणि मी ०/६. सख्खा भाऊ असून शून्य!! आईला बीपी आहे, शुगर पण बॉर्डरवर, म्हणून तिला डॉक्टरांनी आधीच बाद केलं. मग आम्ही धरूनच चाललो होतो की आता भावोजीच देणार, रक्तगट पण दोघांचा बी पॉझिटिव्ह. तर डॉक्टर म्हणाले भावोजींचं क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आलंय, ते नकोत, तुमचं निगेटिव्ह आहे, तुम्ही द्या. बाहेर पेशंटची रांग, त्यात घाईघाईत जेवढं कळलं तेवढं हे.

आता सांगा, पॉझिटिव्ह आलं तर चांगलं असायला हवं ना? ०/६ वाल्याची किडनी टिकणार कशी? मी ओ निगेटिव्ह, ती बी पॉझिटिव्ह, हे चालतं का? आणि अजून एक, लिहायला पण कसंतरी वाटतंय, नातेवाईकांत कुजबुज सुरू झालीये की सख्ख्या भावाचं शून्य येईलच कसं. आईच्या कानावर गेलंय ते. किडनी द्यायची मला भीती नाही वाटत, पण माझी वाया जाऊन ताई परत डायलिसिसवर यायला नको. कोणाला खरंच माहिती असेल तर सांगा प्लीज.

रोखठोक

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ०/६ म्हणजे शरीर फेकूनच देणार ती किडनी. माझ्या ओळखीत एकाला भावाची ६/६ मिळाली, माणूस टुणटुणीत आहे. घाई कसली एवढी? लिस्टवर नाव टाका, डायलिसिस चालू ठेवा आणि चांगलं मॅच मिळेल तेव्हाच करा. आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा आधी.

दोन_लिटर_पाणी

मी स्वतः ट्रान्सप्लांटवाला आहे. किडनी बायकोची, मॅच फक्त १/६, क्रिएटिनिन १.२ (म्हणजे किडनी छान चालतेय) आणि बरीच वर्षं झालीत आता. त्यामुळे "शून्य म्हणजे फेकणार" हे वाचून हसू आलं. आमच्या वेळी पण तो सहापैकीचा आकडा परीक्षेच्या मार्कांसारखा घरभर फिरला होता, ज्याला जास्त तो पास. डॉक्टर मात्र त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचे आणि क्रॉसमॅचचा कागद हातात घेऊन बसायचे. टेक्निकल मला नीट सांगता येणार नाही, इथे लॅबवाल्या एक आहेत त्या येतील बहुतेक.

दुसरा डॉक्टर बघायला हरकत नाहीच, पण तोही हेच सांगेल.

सीरम_आणि_स्लाइड

आले. एचएलए लॅबमध्ये काम करते, रोज हेच बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ताईला मुलं आहेत का, आणि कधी रक्त चढवलंय का, एवढं आधी सांगाल का? म्हणजे भावोजींचं कोडं सुटेल.

तोवर कुजबुजीचं बघू. एचएलए म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं, आपलं कोण परकं कोण हे शरीर त्यावरून ठरवतं. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना अगदी लागून असतात, त्यामुळे ए, बी आणि डीआर (रिपोर्टमधले सहा म्हणजे ह्या तिघांचे दोन दोन) हे सुटे सुटे येत नाहीत, अख्खा सेट एकदम येतो, एक आईकडून एक बाबांकडून. आता आईकडे दोन सेट, बाबांकडे दोन, मुलाला प्रत्येकाकडचा कुठलातरी एक. मग दोन सख्ख्या भावंडांना दोन्ही सेट तेच मिळायची शक्यता चारात एक, एकच सेट सारखा असायची चारात दोन, आणि एकही सेट सारखा नसायची चारात एक. तुम्ही त्या शेवटच्या एकात आलात, बाकी काही नाही. आमच्याकडे असे सख्खे भाऊबहीण नेहमी येतात. आईचं मात्र किमान ३/६ येणारच होतं कारण आई-मुलांत एक सेट ठरलेलाच सारखा.

एक गंमत करा. तुमचा, ताईचा आणि आईचा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवा. आईच्या सहा अँटिजेनपैकी (म्हणजे ह्याच एचएलए खुणा) तीन ताईत दिसतील आणि उरलेले तीन तुमच्यात. तो कागद आईला दाखवा, कुजबुजणाऱ्यांना दाखवायची गरज नाही. आणि कोणाचं नातं काय हे ठरवायला हा रिपोर्ट नसतोच मुळी.

रक्तगटाचं सोपं आहे. ओ वाला बी ला देऊ शकतो. निगेटिव्ह-पॉझिटिव्ह म्हणजे आरएच, तो लाल पेशींवर असतो, किडनीच्या पेशींवर नसतो, म्हणून किडनीच्या बाबतीत तो बघतच नाहीत.

गोंधळलेला_भाऊ

खूप खूप धन्यवाद. आईला आत्ताच फोटो पाठवला रिपोर्टचा, खुणा करून. हो, ताईला दोन मुलं आहेत. दुसऱ्या बाळंतपणात रक्त चढवलं होतं, आणि मागे हिमोग्लोबिन फार खाली गेलेलं तेव्हा पण एकदा.

सीरम_आणि_स्लाइड

वाटलंच होतं.

बाळाचा अर्धा एचएलए वडिलांचा असतो. गरोदरपणात आणि बाळंत होताना बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात जातात, आईचं शरीर त्या परक्या ओळखतं आणि त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. सगळ्याच बायकांमध्ये होतं असं नाही पण बऱ्याच जणींत होतं, आणि एरवी त्याचा काही त्रास नसतो, कळत पण नाही. म्हणजे ताईच्या शरीराने भावोजींचे अँटिजेन मुलांच्या मार्फत आधीच पाहिलेत, एकदा नाही दोनदा. वर रक्त चढवलेलं, त्यातल्या पांढऱ्या पेशींमुळे अजून अँटिबॉडी होऊ शकतात. अँटिबॉडी व्हायचे तीन रस्ते, बाळंतपण, रक्त आणि आधीचं ट्रान्सप्लांट, त्यातले दोन ताईने पार केलेत.

क्रॉसमॅच म्हणजे आम्ही डोनरच्या रक्तातल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी वेगळ्या काढतो, त्यावर पेशंटचं सीरम (रक्तातलं वरचं पाणी, अँटिबॉडी त्यातच असतात) टाकतो आणि बघतो काय होतं. जुनी सीडीसी पद्धत असेल तर त्यात सशाचं कॉम्प्लिमेंट (अँटिबॉडी चिकटलेल्या पेशी मारणारी रक्तातली प्रथिनं) घालतात, अँटिबॉडी असली तर पेशी मरतात, रंग टाकून मायक्रोस्कोपखाली मेलेल्या मोजायच्या. फ्लो क्रॉसमॅच त्याहून संवेदनशील, थोडी अँटिबॉडी असली तरी पकडतं. पॉझिटिव्ह म्हणजे "हल्ला करणारी अँटिबॉडी आत्ताच हजर आहे". म्हणून इथे निगेटिव्ह हवं असतं.

हे किती गंभीर ते कळायला जुना आकडा सांगते. १९६९ मध्ये पटेल आणि तेरासाकी यांनी छापलेला. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असताना केलेल्या ३० ट्रान्सप्लांटपैकी २४ किडन्या लगेचच बंद पडल्या, आणि निगेटिव्ह असलेल्या १९५ पैकी फक्त ८. अँटिबॉडी किडनीच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या थराला चिकटते, गुठळ्या होतात, काही मिनिटांत नाहीतर तासांत किडनी काळीनिळी पडते, आणि तिथे कुठलीच गोळी कामाला येत नाही. तेव्हापासून क्रॉसमॅच न बघता सहसा कोणी टेबलवर घेत नाही.

तर भावोजींचे दोन अँटिजेन जुळतात हे खरं, पण न जुळणाऱ्या चारांपैकी एखाद्यावर जरी ताईची तयार अँटिबॉडी असेल तरी ते दोन जुळून काही उपयोग नाही. तुमचे सहाच्या सहा वेगळे आहेत पण त्यातल्या एकावरही तिची अँटिबॉडी नाही. नवीन अँटिबॉडी पुढे होऊ नये, टी पेशींनी हल्ला करू नये, ह्यासाठी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड ही औषधं असतात आणि ती आता चांगली आहेत. आधीपासून तयार असलेल्या अँटिबॉडीपुढे मात्र ती फारशी चालत नाहीत.

रोखठोक

ठीक आहे, पटलं बऱ्यापैकी. पण मग मला एक सांगा, मॅचिंगला काही अर्थच नसेल तर टायपिंग करता कशाला? पैसे उकळायला?

सीरम_आणि_स्लाइड

अर्थ नाही असं मी कुठे म्हटलं. दोन्ही सेट जुळणाऱ्या भावंडाची किडनी सगळ्यात जास्त टिकते हे आजही खरं आहे, (एकसारख्या जुळ्यांचं सोडून, त्यांचा हिशोबच वेगळा, १९५४ मध्ये बॉस्टनला डॉ. मरे यांनी केलेलं पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट जुळ्या भावांचंच होतं आणि तेव्हा हल्लीची औषधं अस्तित्वातच नव्हती). न जुळणाऱ्यांत डीआर वेगळा असणं सगळ्यात जड जातं, मग बी, मग ए. डीक्यू (एचएलएचाच अजून एक प्रकार) पण हल्ली बघतात कारण ट्रान्सप्लांटनंतर नव्याने होणाऱ्या अँटिबॉडी बऱ्याचदा डीक्यूवरच असतात. फक्त ह्या सगळ्याचा फरक वर्षांच्या हिशोबात पडतो, आणि पॉझिटिव्ह क्रॉसमॅचचा पहिल्या दिवशी.

आणि टायपिंगशिवाय अँटिबॉडीचा रिपोर्ट वाचणार कसा? ताईच्या सीरममध्ये अमुक अँटिजेनवर अँटिबॉडी आहे एवढं कळलं तरी तो अँटिजेन डोनरकडे आहे का हे टायपिंगच सांगणार ना.

तुमचं ते "चांगलं मॅच मिळेपर्यंत थांबा" हे मात्र मला अजिबात पटत नाही. १९९५ मध्ये तेरासाकींच्याच गटाने मोठा अभ्यास छापला होता. नवराबायकोनी एकमेकांना दिलेल्या किडन्या तीन वर्षांनी ८५ टक्के चालू होत्या, आईवडिलांनी दिलेल्या ८२ टक्के आणि मृत दात्यांच्या ७० टक्के. नवराबायकोचं रक्ताचं नातं नाही, मॅचिंग बहुतेकांचं वाईटच. तरी ते आईबापांच्या अर्ध्या मॅचच्या बरोबरीला, कारण जिवंत माणसाची किडनी धडधाकट असते आणि एका टेबलवरून दुसऱ्यावर लगेच जाते, बर्फात तासन् तास पडून राहत नाही. औषधं सुधारल्यामुळे आता सगळेच आकडे वर गेलेत, पण जिवंत दात्याची किडनी पुढे हे तसंच आहे. आणि थांबायचं म्हणजे डायलिसिसवर थांबायचं, त्यात हृदय आणि रक्तवाहिन्या खराब होत राहतात, मध्ये परत रक्त चढवायची वेळ आली तर अजून अँटिबॉडी. जेवढं थांबाल तेवढं मॅच मिळणं अवघडच होत जाणार.

सायली_एस

भावोजींना पूर्ण सोडून का देताय? अँटिबॉडी काढून टाकता येतात ना, प्लाझ्मा बदलतात तसं. नाहीतर स्वॅप करता येतं, तुमचा डोनर त्यांना आणि त्यांचा तुम्हाला. माझ्या मावससासूबाईंचं तसं झालंय.

सीरम_आणि_स्लाइड

@सायली, दोन्ही होतं. प्लाझ्माफेरेसिस (तेच प्लाझ्मा बदलणं), आयव्हीआयजी, रिटुक्सिमॅब वगैरे औषधं देऊन अँटिबॉडी खाली आणतात, पण त्या परत वर येऊ शकतात, इन्फेक्शनचा धोका वाढतो, आणि अँटिबॉडीमुळे होणारं रिजेक्शन नंतर डोकं वर काढतं. हा मार्ग ज्याच्याकडे दुसरं कोणीच नाही त्याच्यासाठी. स्वॅप त्याहून बरा, १९९१ मध्ये दक्षिण कोरियात पहिला झाला, आणि जोड्या कशा लावायच्या ह्या गणितावर काम करणाऱ्या आल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण घरात निगेटिव्ह क्रॉसमॅचचा, तब्येतीने ठणठणीत डोनर असताना ह्या भानगडीत शिरायचं कारण नाही. एकच कारण असू शकतं, ते खाली कोणीतरी लिहील असं वाटतंय.

मिणमिणती

मी लिहिते. माझं दुसरं ट्रान्सप्लांट आहे. पहिलं विशीत झालं, मॅच फारसं नव्हतं, छान चाललं बरीच वर्षं, मग गेलं. आणि दुसऱ्या वेळी कळलं की पहिल्या किडनीवरचे जेवढे अँटिजेन माझ्यात नव्हते त्या सगळ्यांवर, आणि त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या इतरांवरही, माझ्या शरीराने अँटिबॉडी करून ठेवल्यात. पीआरए नव्वदच्या वर. म्हणजे शंभर अनोळखी डोनर समोर उभे केले तर नव्वदहून जास्त बाद. घरचे सगळे निगेटिव्ह व्हायच्या ऐवजी पॉझिटिव्ह. फार वाट बघावी लागली.

ताई ३८ ची आहे. किडनी जन्मभर पुरेलच असं नसतं, आयुष्यात दुसरी लागू शकते. म्हणून तरुण पेशंटमध्ये मॅच बघतात ते ह्यासाठी. घाबरवायला नाही सांगत, पण डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा.

आणि गोळ्या. माझी पहिली किडनी जायच्या आधी वर्षभर मी कंटाळून गोळ्या मागेपुढे करत होते असं नाही म्हणणार, मी वेळेवरच घेत होते, पण वॉर्डात शेजारच्या बेडवर अशा दोघी बघितल्या. ०/६ असेल तर टॅक्रोलिमसची लेव्हल खाली गेलेली चालत नाही एवढं लक्षात ठेवा.

सीरम_आणि_स्लाइड

हेच म्हणत होते. आणि तुमच्या घराच्या बाबतीत ह्यात एक बारीक गोष्ट आहे जी सहसा कोणी सांगत नाही. आईचे जे तीन अँटिजेन ताईत नाहीत, ते नेमके तुमच्यात आहेत (वर सांगितलेला शेजारी ठेवायचा खेळ आठवा). म्हणजे तुमची किडनी घेतल्यावर पुढेमागे ताईने तुमच्याविरुद्ध अँटिबॉडी केल्या, तर त्यात आईकडचा सेट पण सापडू शकतो आणि आई पण बाद. आई तशीही तब्येतीमुळे देणार नाहीये, म्हणून तुम्हाला फरक पडत नाही. पण समजा आई पन्नाशीची आणि धडधाकट असती तर आधी आईची घ्यायची आणि तुम्हाला पुढच्यासाठी राखायचं, असा विचार डॉक्टरांनी केला असता, कारण आईचा एक सेट जुळतो आणि तुमचं वय हातात आहे (आईच्या न जुळणाऱ्या सेटवर अँटिबॉडी होऊन तुम्ही बाद व्हायचा धोका तेव्हाही असताच).

मुलांचं पण तसंच. ती मोठी झाली की आईला द्यायला उभी राहतील, पण त्यांचा एक सेट भावोजींचा, ज्यावर अँटिबॉडी आत्ताच आहेत. त्यामुळे मुलांच्या भरवशावर काही ठरवू नका.

सायलीताईंच्या स्वॅपचं ते एक कारण हेच. डोनर चालणारा असला तरी तरुण पेशंटला अजून चांगलं मॅच मिळावं म्हणून काही जोड्या मुद्दाम स्वॅपमध्ये उतरतात. तुमच्या डॉक्टरांना विचारून बघा, पण त्यासाठी महिनोन् महिने डायलिसिस लांबवू नये असं माझं मत.

गोंधळलेला_भाऊ

आज सिंगल अँटिजेनचा रिपोर्ट आला (एकेका अँटिजेनवर ताईची अँटिबॉडी आहे का ते दाखवणारा). त्यात भावोजींच्या ए२ वर एमएफआय ९४०० लिहिलंय, त्यांच्या एका डीआरवर ३१०० आणि माझ्या कुठल्याच अँटिजेनवर काही नाही, फक्त एका बी वर ४५० आहे. ह्या ४५० चं टेन्शन घ्यायचं का? आणि सर्जरीच्या आधी परत क्रॉसमॅच करणार म्हणाले, एकदा निगेटिव्ह आलंय ना मग परत कशाला?

सीरम_आणि_स्लाइड

ए२ वर ९४००, आता शंकाच राहिली नाही, भावोजींचं टी आणि बी दोन्ही सेलवर (हे लिम्फोसाइटचे दोन प्रकार, हा बी म्हणजे एचएलएमधला बी नव्हे) पॉझिटिव्ह आलं असणार. ए, बी हे क्लास वन, ते जवळजवळ सगळ्या पेशींवर असतात म्हणून टी सेलवर पण दिसतात, डीआर क्लास टू, तो बी सेलवर.

४५० बद्दल. एमएफआय हा लेसर मशीनवरचा चमक मोजायचा आकडा आहे, अँटिबॉडी किती ग्रॅम असं काही नाही, आणि प्रत्येक लॅबची कटऑफ वेगळी असते. बऱ्याच लॅब हजाराच्या खाली निगेटिव्हच धरतात. फ्लो क्रॉसमॅच निगेटिव्ह आहे म्हटल्यावर ४५० ला मी तरी घाबरणार नाही. पण रक्त चढवल्यामुळे किंवा बाळंतपणात झालेली अँटिबॉडी वर्षांनी फिकी पडते आणि तोच अँटिजेन परत दिसला की उसळते, म्हणून तुमच्या त्या बी ची नोंद फाइलवर ठेवायला सांगा आणि ट्रान्सप्लांटनंतर डीएसए (डोनरविरुद्धच्या अँटिबॉडी) केव्हा केव्हा तपासणार ते विचारून ठेवा. हा प्रश्न डॉक्टर टाळत असतील तर मात्र दुसरं मत घ्या.

परत क्रॉसमॅच करायचं कारण हेच की अँटिबॉडी बदलतात. मध्ये इन्फेक्शन झालं, रक्त चढलं, तर आजचं निगेटिव्ह पुढच्या महिन्यात निगेटिव्ह असेलच असं नाही. ताजं सीरम घेऊनच शेवटचं करतात. तोपर्यंत ताईला रक्त द्यायची वेळ येऊ नये म्हणून एरिथ्रोपोएटिनची (हिमोग्लोबिन वाढवणारी) इंजेक्शनं आणि आयर्न नीट चालू आहे ना बघा. अगदी नाइलाजच झाला तर पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मागा, त्याने धोका कमी होतो, जात नाही, आणि दिल्यावर दोनेक आठवड्यांनी लॅबला कळवून परत सँपल द्या. हे कळवायचंच राहून जातं नेहमी, डायलिसिस एकीकडे आणि लॅब दुसरीकडे.

दोन_लिटर_पाणी

भाऊ तुमच्या स्वतःच्या तपासण्या पण पूर्ण करून घ्या बरं, सीटी अँजिओ, चोवीस तासांची लघवी, सगळं. आणि ताईला किडनी कशामुळे गेली ते कळलंय का? घराण्यातला आजार असेल तर, पॉलिसिस्टिक (किडनीत पाण्याच्या गाठी होतात तो) वगैरे, भावाला आधी तपासतात त्यासाठी. एचएलए ०/६ असला तरी आजाराचं जनुक दोघांकडे असू शकतं, त्याचा सेट वेगळा.

गोंधळलेला_भाऊ

पॉलिसिस्टिक नाही, आयजीए नेफ्रोपथी (आयजीए नावाची अँटिबॉडी किडनीत साचते तो आजार) आहे, बायोप्सी झाली होती. माझी लघवीची तपासणी क्लीन आहे, सीटी गुरुवारी आहे. रक्ताचं डायलिसिसवाल्या सिस्टरना आजच सांगितलं, त्यांनी फाइलवर लाल पेनने लिहून घेतलं. सीटीचा रिपोर्ट आला की इथे टाकतो.

सीरम_आणि_स्लाइड

टाका. आयजीए असेल तर तुमची लघवी एकदाच क्लीन आली म्हणून सोडू नका, रक्त आणि प्रोटीन दोन्हीसाठी परत एकदा करून घ्या, भावंडांत सापडतं ते कधी कधी.